पडद्यावर न दिसणारी गोष्ट : संमतीचा प्रश्न आणि दीडशे वर्षांची चुकीची कसोटी

#थ्रेड

१/ १४ डिसेंबर २०२० रोजी ‘पॉर्नहब’ने आपल्यावरील एक कोटीहून अधिक चित्रफितींपैकी निम्म्याहून जास्त एका दिवसात दृष्टीआड केल्या. ज्यांच्या अपलोडकर्त्याची ओळख पटलेली नव्हती, त्या सर्व गेल्या. इतक्या अफाट साठ्याची छाननी करणे अशक्यप्राय आहे, हा या उद्योगाचा जुना युक्तिवाद होता. मग त्या आठवड्यात असे काय घडले?

२/ ४ डिसेंबरला ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये निकोलस क्रिस्टॉफ यांचा लेख आला. संमतीविना आणि अल्पवयीनांच्या चित्रफिती तेथे कशा पसरतात, हे त्यात पीडितांच्या तोंडून मांडले होते. १० डिसेंबरला व्हिसा आणि मास्टरकार्डने या संकेतस्थळावरील व्यवहार थांबवले. पीडितांच्या वर्षानुवर्षांच्या विनवण्यांनी जे झाले नव्हते, ते त्यानंतर चार दिवसांत झाले.

३/ यावरून ‘सगळा पैशाचा खेळ’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण अपुरे आहे. छाननीची अडचण खरीच आहे. मात्र तिचे मूळ साठ्याच्या आकारात कमी आणि विचारल्या जाणाऱ्या प्रश्नात अधिक आहे. तो प्रश्न कोठून आला, हे पाहण्यासाठी दीडशे वर्षे मागे जावे लागते.

४/ १८६८ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने ‘हिक्लिन कसोटी’ घालून दिली : मजकूर वाचणाऱ्याचे मन भ्रष्ट करतो का? हीच कसोटी भारतात रुजली. लैंगिक आरोग्यावर लिहिणारे ‘समाजस्वास्थ्य’कार र. धों. कर्वे अश्लीलतेच्या खटल्यांत ओढले गेले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. १९६४ मध्ये मुंबईचे पुस्तकविक्रेते रणजित उदेशी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही हिक्लिन कसोटी मान्य केली.

५/ या सर्व खटल्यांत न्यायालयाची नजर वाचकाच्या मनावर होती. चित्रात जी व्यक्ती आहे तिची संमती होती का, हा प्रश्न कायद्याच्या कक्षेतच नव्हता. परिणामी कर्व्यांसारखा सुधारक आरोपी ठरला आणि जिची अब्रू बाजारात मांडली गेली, तिच्यासाठी कायद्याकडे शब्दच उरला नाही.

६/ २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ याच परंपरेतले. २००४ मध्ये मोबाइलवरील एक खासगी चित्रफीत ‘बाझी डॉट कॉम’वर विक्रीला लागली आणि कंपनीच्या प्रमुखांना अटक झाली. देशभर चर्चा झाली ती अश्लीलतेची. संमतीविना खासगी अवयवांचे चित्रण व प्रसारण हा स्वतंत्र गुन्हा ठरला तो २००८ च्या दुरुस्तीतील कलम ६६ई मुळे.

७/ प्रौढांच्या संकेतस्थळांवर ही जुनी कसोटी पूर्णतः निकामी ठरते. नग्नता ओळखणारे यंत्र तेथे काय करणार? तेथे सर्वच नग्न आहे. राजीखुशीने केलेले चित्रण आणि विश्वासघाताने पसरवलेले चित्रण पडद्यावर हुबेहूब सारखे दिसू शकते. मॉडरेटर कितीही दक्ष असला, तरी संमती ही डोळ्यांना दिसणारी वस्तू नाही. ती आधी विचारावी लागते.

८/ ‘आधी विचारणे’ ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत १९८८ च्या कायद्याने अशा चित्रपटांच्या निर्मात्यांवर प्रत्येक कलाकाराच्या वयाचे पुरावे जपण्याचे बंधन घातले. पुढे कोणीही अनोळखी माणूस काहीही चढवू शकेल अशी संकेतस्थळे आली. इतरांनी टाकलेल्या मजकुराच्या जबाबदारीपासून त्यांना १९९६ च्या कायद्यातील कलम २३० चे कवच होते. आधी प्रकाशन, मग तक्रार, हा क्रम येथे रूढ झाला.

९/ अपलोडकर्त्याची ओळख पटली की प्रश्न मिटला, असेही नाही. ‘गर्ल्स डू पॉर्न’ या निर्मात्याची पॉर्नहबवर अधिकृत वाहिनी होती. चित्रफिती इंटरनेटवर येणार नाहीत, असे खोटे सांगून तरुणींना फसवल्याचे सॅन डिएगोच्या न्यायालयात सिद्ध झाले. जानेवारी २०२० मध्ये २२ स्त्रियांना सुमारे १.२७ कोटी डॉलरची भरपाई मंजूर झाली. अपलोड करणाऱ्याचे ओळखपत्र म्हणजे चित्रातील व्यक्तीची संमती नव्हे.

१०/ तंत्रज्ञानाने काही साधले आहे. डिसेंबर २०२१ पासून ‘स्टॉपएनसीआयआय’ ही सेवा छायाचित्राचा अंकीय ठसा वापरकर्त्याच्या उपकरणावरच तयार करते. छायाचित्र कोणाकडेही जात नाही, फक्त ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो. पण जे चित्र पीडितेला ठाऊकच नाही, त्याचा ठसा कोण देणार? आणि जे संकेतस्थळ सहभागीच नाही, त्याचे काय?

११/ भारतात २०२१ च्या नियमांनी अशा तक्रारीवर २४ तासांची मुदत घातली. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने एका स्त्रीच्या याचिकेवर शोधयंत्रांनाही जबाबदार धरले. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की प्रत्येक वेळी नवा दुवा शोधून आण, असा आग्रह शोधयंत्रांना धरता येणार नाही. पावले योग्य आहेत. तरीही पहिली तक्रार पीडितेनेच करायची, म्हणजे स्वतःची विटंबना आधी तिनेच शोधायची.

१२/ आक्षेपही गंभीर आहे. ओळख नोंदवण्याची सक्ती पाळतीचे हत्यार होऊ शकते. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव बंधनकारक केले. त्या नोंदी ब्रिटिश सरकारला छपाईवर नजर ठेवायला उपयोगी पडल्या. २०२० मध्ये कार्डे बंद झाल्यावर राजीखुशीने काम करणाऱ्या कलाकारांचेही उत्पन्न बुडाले. दोन खासगी कंपन्यांनी न्यायाधीश व्हावे, हा काही आदर्श नव्हे.

१३/ म्हणूनच हे काम कायद्याने करायला हवे, आणि मोजके करायला हवे. चित्रात दिसणाऱ्या प्रत्येकाची संमती प्रकाशनापूर्वी नोंदवली जावी. ती मागे घेता यावी. कागदपत्रे गरजेपुरतीच आणि सुरक्षित ठेवली जावीत. संमती सिद्ध करण्याचा भार प्रकाशित करणाऱ्यावर असावा. नसलेली संमती सिद्ध करण्याचा भार तिच्यावर नव्हे.

१४/ ‘हे अशक्य आहे’ असे पुन्हा कोणी म्हटले, तर त्याला १४ डिसेंबर २०२० ही तारीख सांगावी. (समाप्त)