विश्लेषण : स्वस्त डीएसएलआरवर फ्लॅश का चालत नाही?

लग्नसराईच्या तोंडावर साठवलेल्या पैशांतून किंवा हप्त्यांवर पहिला डीएसएलआर घेतला जातो. पाठोपाठ दोन-तीन हजारांचा फ्लॅश मागवला जातो. तो कॅमेऱ्यावर नीट बसतो, त्याचा दिवा लागतो, ‘टेस्ट’चे बटण दाबले की लखलखतोही. मात्र शटर दाबल्यावर ढिम्म! दुकानदार कॅमेऱ्याला दोष देतो, सर्व्हिस सेंटर फ्लॅशला. प्रत्यक्षात दोन्ही वस्तू ठणठणीत असू शकतात. त्या एकमेकींसाठी बनलेल्याच नसतात.

नेमकी अडचण काय?

कॅमेऱ्याच्या माथ्यावर फ्लॅश सरकवण्याची जी खाच असते, तिला हॉट शू म्हणतात. तिचे माप आयएसओ ५१८ या आंतरराष्ट्रीय मानकाने ठरलेले आहे. खाचेच्या मधोमध एक गोल धातूचा ठिपका असतो. शटर उघडताच त्यातून फ्लॅशला ‘पेट’ एवढाच संदेश जातो. म्हणूनच एका कंपनीचा साधा फ्लॅश दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर वर्षानुवर्षे चालत आला.

कॅननने ३०००डी (२०१८) आणि २००डी मार्क टू (२०१९) या मॉडेलमध्ये हा मधला ठिपकाच ठेवला नाही. १५००डी घेताना तो आहे की नाही, हे हातातला कॅमेरा पाहूनच ठरवावे. बाजूचे छोटे ठिपके आहेत, पण त्यांतून कॅननची डिजिटल भाषा समजणारा फ्लॅशच पेटतो. एकाच ठिपक्यावर चालणारे स्वस्त फ्लॅश तिथे निरुपयोगी ठरतात.

प्रश्न फ्लॅशपुरताच आहे का?

नाही. निकॉनच्या डी३३०० ला बाहेरचा माइक जोडण्याची सोय होती. डी३४०० (२०१६) मध्ये ती गेली. डी३५०० (२०१८) मध्ये इन्फ्रारेड रिमोटही चालेनासा झाला. कॅननच्या १५००डीलाही माइकची सोय नाही.

लेन्सचा घोळ आणखी फसवा आहे. डी३५०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. त्यामुळे ५० एमएम १.८ ‘डी’ ही स्वस्त लेन्स बसते, फोटोही निघतो, पण फोकस हाताने करावा लागतो. १.८ ‘जी’ या एएफ-एस लेन्समध्ये स्वतःची मोटर असते. एका अक्षराच्या फरकाने काही हजारांची खरेदी फसते.

कंपन्यांचे चुकते कुठे?

किंमत कमी ठेवायची तर काही सुविधा गाळाव्या लागणार, हे मान्य. तक्रार सुविधा गाळल्याची नाही, ते ठळकपणे न सांगितल्याची आहे. महागड्या कॅमेऱ्यात हे सगळे असते आणि तो घेणाऱ्याला काय बघायचे ते ठाऊक असते. ज्याला चूक परवडत नाही, त्या नवशिक्याच्या कॅमेऱ्यातच चुकीला सर्वाधिक वाव राहतो. त्यात भर म्हणून ‘सर्व डीएसएलआरसाठी’ असे बिनदिक्कत लिहून माल विकणारे विक्रेते आहेतच.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ने वस्तूचा दर्जा, मानक आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे. युरोपीय संघाने तर २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइलसह डिजिटल कॅमेऱ्यांनाही यूएसबी-सी चार्जिंग बंधनकारक केले. म्हणजे नियमाने शिस्त लावता येते. आपल्याकडे निदान खोक्यावर ‘काय चालेल, काय चालणार नाही’ असा छोटा तक्ता सक्तीचा करायला हरकत नसावी.

तोवर खरेदीपूर्वी काय तपासाल?

- हॉट शूच्या मधोमध ठिपका आहे का, ते डोळ्यांनी पाहा. नसेल तर कॅननसाठीचाच आणि आपल्या मॉडेलवर चालणारा फ्लॅश घ्या.
- शक्यतो कॅमेरा दुकानात नेऊन, वस्तू लावून, शटर दाबून बघा.
- ऑनलाइन घेताना मॉडेलचे पूर्ण नाव लिहून विक्रेत्याला विचारा आणि उत्तर जपून ठेवा.
- फिल्टरचे माप कॅमेऱ्यावरून नव्हे, लेन्सवरून ठरते. लेन्सवर व्यासाच्या खुणेपुढे आकडा असतो. कॅननच्या १८-५५ किट लेन्सचे माप ५८ मिमी आहे, तर ५० एमएम एसटीएमचे ४९ मिमी.
- माइकची सोय नसेल तर आवाज मोबाइलवर वेगळा रेकॉर्ड करा. सुरुवातीला एक टाळी वाजवली की एडिटिंगमध्ये आवाज आणि चित्र जुळवणे सोपे जाते.
- ट्रायपॉडची चिंता नको. पाव इंची स्क्रूचे मानक सगळ्यांनीच पाळले आहे.

चुकीची माहिती देऊन वस्तू विकली गेली आणि विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. बिल आणि विक्रेत्याचे लेखी उत्तर मात्र हाताशी हवे.