फुकट कोण राहतं?

बोटीवर राहणारे म्हणजे भाडं चुकवून, कौन्सिल टॅक्स बुडवून मजा मारणारे लोक, असं इंग्लंडातल्या आपल्या मराठी मंडळींमध्येही आता सर्रास बोललं जातं. परवाच्या माझ्या फोटोखाली दोघा-तिघांनी तेच लिहिलंय. म्हणून जरा सविस्तर.

आधी हिशोब. माझी नॅरोबोट केनेट अँड एव्हन कालव्यावर असते. रुंदी सात फुटांना थोडी कमी, चाळीतली खोलीसुद्धा याहून ऐसपैस! वर्षाचा परवाना हजार पौंडांच्या वर. विमा वेगळा. दर चार वर्षांनी सुरक्षा तपासणी, दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून तळाला काळा थर द्यायचा, शिवाय डिझेल, गॅस, शेगडीचा कोळसा. कौन्सिल टॅक्स मी भरत नाही, खरंय. पण कौन्सिलची कचरागाडीही माझ्या दारात येत नाही, कारण मला दारच नाही.

आता ‘मजा’. काल ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनहून डंडासच्या जलसेतूपर्यंत आले. अंतर साधारण पाच मैल. सकाळी नळावर नंबर लावला, टाकी भरण्यातच तास गेला. मग संडासाची टाकी ढकलत नेऊन रिकामी केली (हे फोटोत दिसत नाही). कालव्यावर वेगमर्यादा ताशी ४ मैल, आणि बांधलेल्या बोटींजवळून त्याहूनही हळू जायचं, नाहीतर लोकांचे खुंटे उपटतात आणि शिव्या मिळतात. ॲव्हनक्लिफला कालवा नदीवरून पलीकडे जातो, तिथं दोन्ही टोकांना जवळजवळ काटकोनात वळण. वारा असेल तर बोट ऐकतच नाही. दुपारनंतर जागा शोधत फिरले, बांधली, शेगडी पेटवली. आज पहाटे उठून बसने बाथला कामावर.

हे हौसेनं नाही केलं. १९९५ च्या कायद्यानुसार ज्या बोटीला कायमची जागा नाही तिनं एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त राहायचं नाही. आजारपणासारखं कारण असेल तरच सूट. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, ते हेच. नियम मला मान्य आहे, मी पाळते. शेजारच्या बोटीवर शाळेत जाणारी दोन मुलं आहेत, त्यांची आईही पाळते, कशी ते तिलाच ठाऊक.

राग याचा आहे, की नेमक्या या फिरत्या बोटींवरच कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टनं २०२४ पासून जादा अधिभार बसवला, तोही टप्प्याटप्प्यानं २५ टक्क्यांपर्यंत न्यायचं ठरवून. म्हणणं असं, की आम्ही कालवा जास्त वापरतो. अहो, कालवा वापरायलाच तर कायद्यानं आम्हाला हलत ठेवलंय! हललो नाही तर परवाना जातो, हललो तर अधिभार.

खरं कारण वेगळंच आहे. सरकारनं २०२३ मध्ये जाहीर केलं की ट्रस्टचं अनुदान २०२७ पासून दहा वर्षं दरवर्षी ५ टक्क्यांनी कमी होणार. सुमारे २,००० मैलांचे कालवे, दोनशे वर्षांची धरणं, लॉक, पूल, आणि वर कपात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये टॉडब्रुक धरणाचा सांडवा खचला तेव्हा व्हेली ब्रिज गावातल्या सुमारे १,५०० लोकांना घर सोडावं लागलं होतं. त्यातले बोटवाले किती होते? ही सगळ्या देशाची डागडुजी आहे. काठच्या वाटेवर रोज पळणारे, सायकलवाले, कुत्री फिरवणारे एक पेनी देत नाहीत, आणि देऊही नयेत, ती सार्वजनिक वाट आहे. वाटेखालून फायबरच्या केबल जातात त्याचं उत्पन्न येतं, तेवढ्यानं भागत नाही. मग उरतो कोण? ज्याला घर परवडलं नाही म्हणून जो पाण्यावर आला, तो.

हाच केनेट अँड एव्हन १९५० च्या दशकात बंद करायला निघाले होते. लोकांनी सह्या गोळा केल्या, स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं चिखल उपसला, आणि १९९० मध्ये राणीच्या हस्ते तो पुन्हा सुरू झाला. आज बाथच्या पर्यटन जाहिरातीत रंगीत बोटी झळकतात. त्यातली माणसं तेवढी नकोशी.

‘पत्ता काय?’ हा प्रश्न महाराष्ट्रात भटक्या-विमुक्तांना रेशनकार्डासाठी पिढ्यान् पिढ्या विचारला गेला. त्यांचे हाल कुठे आणि माझे कुठे, बरोबरी नाहीच. पण इथं दवाखान्यात नाव घालताना तोच प्रश्न येतो, आणि आरोग्यसेवेचे नियम पत्त्याचा पुरावा लागत नाही म्हणतात हे काउंटरवर मलाच सांगावं लागतं.

बाथ, ब्रॅडफर्ड, डिव्हायझेस भागात राहणाऱ्यांनी आपापल्या खासदाराला दोन ओळी लिहा: अनुदानाची कपात थांबवा, अधिभार काढा. आणि फिरत्या बोटीवाल्यांनो, मतदार यादीत नाव नसेल तर घाला. कायमचा पत्ता नसला तरी स्थानिक संबंधाचं घोषणापत्र भरून नोंदणी होते. फॉर्म भरायला मदत हवी असेल तर मेसेज करा, पुढचे १२-१३ दिवस मी डंडासलाच आहे.