बारा खोक्यांचा चार्ट आणि आमची 'कच्ची' मुलं

दहावीचा निकाल लागला की आमच्या मोहल्ल्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "उर्दूमुळे इंग्रजी कच्चं राहिलं." मग जूनमध्ये धाकट्या मुलाचं नाव उर्दू शाळेतून काढून न परवडणाऱ्या इंग्रजी शाळेत घातलं जातं. त्याची बहीण आहे तिथेच राहते, कारण दोघांची फी झेपत नाही. मी उर्दू माध्यमात मराठी शिकवते आणि गरज पडेल तेव्हा इंग्रजीही. त्यामुळे हे वाक्य मला टोचतं. ते चुकीचं आहे, आणि ते पसरायला आम्ही शिक्षकच जबाबदार आहोत.

राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. दहा वर्षं इंग्रजी शिकलेली मुलगी "आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स" म्हणते. तिला 'हॅव बीन' आणि पुढे 'आयएनजी' हे सूत्र विचारून बघा, घडाघडा म्हणून दाखवेल. सूत्र पाठ आहे, ते कुठे लावायचं हे कुणी सांगितलेलं नाही. मराठीत आपण "पाच वर्षांपासून राहतेय" म्हणतो, उर्दूत "पाँच साल से रह रही हूँ". दोन्हीकडे चालू वर्तमानकाळ पुरतो, इंग्रजीला पुरत नाही. एवढा एक फरक फळ्यावर शेजारी शेजारी लिहायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं आम्ही देत नाही, कारण चार्ट 'पूर्ण' करायचा असतो.

तीन काळ, प्रत्येकाचे चार प्रकार, एकूण बारा खोकी. बीएडच्या सराव पाठात मी हा चार्ट रंगीत कार्डशीटवर केला होता. शाबासकी मिळाली. पुढे कितीतरी वर्षं तोच शिकवला, हे कबूल करते.

चार्टची खोड अशी की तो क्रियापदाचं रूप आणि घड्याळातली वेळ एकच आहे असं भासवतो. कुठल्या भाषेत असं असतं? आई हाक मारते आणि मुलगी जागची न हलता ओरडते, "आलेच!" भूतकाळी रूप, काम अजून व्हायचंय. "पाऊस पडला तर जाणार नाही" यातला 'पडला' उद्याचा आहे. इंग्रजीतही "द ट्रेन लीव्ह्ज टुमॉरो" म्हणतात, रूप वर्तमानाचं आणि गाडी उद्याची. उर्दू बोलणाऱ्या मुलाला तर हे वेगळं शिकवायलाच नको. त्याचा 'कल' म्हणजे कालही आणि उद्याही, कुठला ते 'आया था' की 'आएगा' यावरून त्याला तीन वर्षांचा असल्यापासून कळतं.

आणि बारा हा आकडा तरी कुठून आणायचा? आधुनिक व्याकरणकार इंग्रजीत रूपाने दोनच काळ मानतात, भूत आणि वर्तमान. भविष्यासाठी क्रियापदाला वेगळं रूपच नाही, 'विल' किंवा 'गोइंग टू' जोडून भागवतात. हे ऐकून शिक्षक दचकतात. मदरशात सर्फ शिकलेला मुलगा दचकणार नाही. अरबीत माज़ी आणि मुज़ारे, मुज़ारेतच वर्तमान आणि भविष्य दोन्ही, नक्की भविष्य सांगायचं तर आधी 'स' किंवा 'सौफ' लावायचं. (मराठीतल्या 'माजी आमदार'मधला माजी तो हाच माज़ी.) दोन्ही भाषा सारख्या आहेत असं मी म्हणत नाही, पण या मुलाला रिकाम्या पाटीचा समजणं हा अडाणीपणा आहे.

'प्रेझेंट परफेक्ट' घ्या. मराठीत त्याला पूर्ण वर्तमानकाळ म्हणतात, आणि काम पूर्ण झालं तर वर्तमान कसलं, इथेच मूल अडकतं. उर्दू व्याकरणातलं नाव बघा: 'आया' माज़ी मुतलक, 'आया है' माज़ी करीब, 'आया था' माज़ी बईद. करीब म्हणजे जवळचा, ज्याचा परिणाम अजून समोर आहे असा भूतकाळ. "आय हॅव लॉस्ट माय की" म्हणजे किल्ली हरवली आहे, अजून दाराबाहेरच उभी आहे. 'करीब' या एका शब्दात निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं मात्र शिकवावं लागतं: आपण "काल मी त्याला पाहिलंय" सहज म्हणतो, "मैंने कल उसे देखा है" हेही चालतं, इंग्रजी मात्र 'हॅव सीन'च्या शेजारी 'यस्टर्डे' बसू देत नाही. मुलीची चूक तिथे होते. ती चूक अडाण्याची नाही, आपल्या भाषेचा नियम इमानाने पाळणाऱ्याची आहे.

सहकारी म्हणतात, "मॅडम, प्रश्नपत्रिकेत काळ बदला असं येतं, चार्टशिवाय कसं?" येतं, आणि त्याचे गुण मिळायलाच हवेत. शेवटच्या महिन्यात चार्ट द्या ना. आमचा हट्ट पाचवीपासून तोच देण्याचा, आणि वर "वर्गात फक्त इंग्रजी बोला" हा फलक. ज्या दोन-तीन भाषांच्या आधाराने मूल चढू शकतं त्या दाराबाहेर ठेवायच्या आणि चढता आलं नाही की त्याच भाषांना दोष द्यायचा!

गेल्या महिन्यात चार्ट गुंडाळून ठेवला आणि फळ्यावर 'आला, आला आहे, आला होता' लिहून खाली उर्दू, खाली इंग्रजी लिहिलं. वर्षभर तोंड न उघडलेली एक मुलगी मागच्या बाकावरून म्हणाली, "टीचर, अम्मी बुलाती है तो हम 'अभी आई' बोलते. अंग्रेजी में 'आय केम' बोलूँ तो?" नाही गं, तिथे 'कमिंग' म्हणतात, मी सांगितलं. "मतलब उनका अलग है," ती म्हणाली, आणि वहीत लिहून घेतलं.