रुळांवर उतरलात, आता शाळेत या

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर इथले आई-वडील, आजी-आजोबा, शिक्षक, संस्थाचालक आणि क्लास चालवणारे सर, मॅडम यांना कळकळीचं आवाहन.

२० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापूर स्थानकात हजारो माणसं रुळांवर उतरली आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकल अडून राहिल्या. शिशुवर्गातल्या दोन चिमुकल्यांवर शाळेच्या आवारात अत्याचार झाल्याचं उघड झालं होतं आणि त्यांच्या पालकांना तक्रार नोंदवण्यासाठी पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावं लागलं होतं. दुसऱ्याच दिवशी राज्य सरकारने शाळांच्या सुरक्षेचा शासन निर्णय काढला. २२ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेत सुनावणी केली. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मरण पावला. त्यानंतर गर्दी पांगली आणि बातमी थंडावली.

त्या प्रकरणातली एक गोष्ट मात्र आपण विसरता कामा नये. त्या मुली गप्प बसल्या नव्हत्या. त्या वयात जेवढं सांगता येतं तेवढं त्यांनी घरी सांगितलं. घरच्यांनी विश्वास ठेवला, डॉक्टरांना दाखवलं. उशीर झाला तो पुढे, मोठ्या माणसांच्या कचेऱ्यांमध्ये. माहिती असूनही ती पोलिसांना न दिल्याबद्दल शाळेच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला. मूल बोललं की ते ऐकणारं आणि ऐकून लगेच हलणारं माणूस प्रत्येक शाळेत हवं, हा या प्रकरणाचा धडा आहे.

आज हे आवाहन करण्याचं कारण असं की मोठी मुलं तेवढंही सांगत नाहीत. इन्स्टाग्रामवर कुणी खोट्या नावाने मैत्री करतं, फोटो मागतं. फोटो दिला नाही तर चेहरा दुसऱ्याच शरीराला चिकटवून ‘पैसे पाठव, नाहीतर तुझ्या वर्गाच्या ग्रुपवर टाकतो’ अशी धमकी देतं. गेम खेळताना ओळख झालेला ‘दादा’ हळूहळू भलतंच बोलू लागतो. वर्गातलीच मुलं एखाद्याच्या रंगावरून, जाडीवरून, जातीवरून स्टेटस ठेवतात. आठवी-नववीतलं मूल हे सगळं पोटात ठेवतं, कारण घरी कळलं तर काय होईल ते त्याला ठाऊक असतं. मोबाइल काढून घेतला जाईल. मुलगी असेल तर शाळाच सुटेल. मग जेवण कमी होतं, झोप उडते, गुण घसरतात, शाळेत जायचं म्हटलं की पोट दुखू लागतं. आपण त्याला ‘वयच तसं आहे’ म्हणून सोडून देतो. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिल्याची सरकारी नोंद आहे. प्रत्येकाचं कारण वेगळं असेल, पण वेळीच विचारपूस झाली असती तर यातली किती तरी मुलं वाचली असती.

आपल्या तिन्ही शहरांची दिनचर्या या एकटेपणात भर घालते. पहाटेच्या लोकलने मुंबईला गेलेले आई-बाबा रात्री परततात. कुणी अंबरनाथच्या एमआयडीसीत पाळीवर असतं, कुणी उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात शिलाईवर. दुपारभर घरात मूल आणि मोबाइल, दोघंच. यात आई-वडिलांचा दोष नाही, पोट भरायलाच हवं. म्हणून तर शाळेची जबाबदारी वाढते.

ही जबाबदारी आता कायद्यानेही ठरवून दिली आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशभर लागू होणारे निर्देश दिले. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत मुलांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक हवा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी कायमचा संबंध जोडून ठेवायला हवा. शिक्षक आणि कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण वर्षातून दोनदा व्हायला हवं. महाराष्ट्रात १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने शाळाशाळांत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती नेमायला सांगितलं. २१ ऑगस्ट २०२४ च्या निर्णयाने सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि विद्यार्थी सुरक्षा समिती बंधनकारक केली. कागद भरपूर आहेत. ते आपल्या मुलाच्या शाळेत पोचले का, हे पाहणं आपल्या हातात आहे.

पालकांनो, येत्या पालकसभेत गुणपत्रिकेआधी हे पाच प्रश्न विचारा.

१. समुपदेशक कोण आहे, कोणत्या दिवशी येतो आणि मूल त्याला एकट्याने भेटू शकतं का?
२. सखी सावित्री समितीत कोण आहे आणि तिची शेवटची बैठक कधी झाली?
३. तक्रारपेटी कोण, कधी आणि कुणासमोर उघडतं?
४. शिपाई, सफाई कामगार, बसचालक या सगळ्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का? लहान मुलींच्या स्वच्छतागृहाजवळ बाई कर्मचारी असते का?
५. ऑनलाइन छळाची तक्रार आली तर शाळा पहिल्या दिवशी काय करते?

उत्तरं लेखी मागा. एकट्याला बोलायला संकोच वाटत असेल तर चार पालकांनी मिळून जा.

घरीही एक वचन द्या. आजच मुलाला सांगा, ‘काहीही झालं, चूक तुझी असली तरी मला सांग. मी मोबाइल काढून घेणार नाही, मारणार नाही.’ आणि ते पाळा. धमकी आली असेल तर पैसे पाठवू नका, रागाच्या भरात मेसेज पुसू नका. स्क्रीनशॉट घ्या, खात्याचं नाव आणि लिंक लिहून ठेवा, मग तक्रार करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांसंबंधीची तक्रार नाव न देताही करता येते. पैसे गेले असतील तर क्षणाचाही उशीर न करता १९३० लावा.

पोलीस ठाण्यात जायची वेळ आली तर आपले हक्क माहीत असू द्या. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्यानुसार मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, गणवेशात नसलेल्या आणि शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. कोणत्याही कारणाने मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते आणि गुन्हा नोंदवला गेला नसला तरी ती करता येते.

मुख्याध्यापक आणि शिक्षकांनो, पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणं हे तुमचं बंधन आहे. संस्थेचं नाव खराब होईल म्हणून घरच्या घरी मिटवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. मुलग्यांशीही बोला. मुलगी ‘नको’ म्हणाली की थांबायचं, कुणाचा फोटो पुढे पाठवायचा नाही, रडू आलं तर लाजायचं नाही, हे त्यांना शाळेतच शिकवायला हवं. मदतीच्या क्रमांकांचा फलक मराठी, हिंदी आणि सिंधीत लिहा, म्हणजे उल्हासनगरच्या कॅम्पातल्या सिंधी आजीलाही तो वाचता येईल.

शेजाऱ्यांनो, सोसायटीच्या ग्रुपवर असलेल्यांनो, पीडित मुलाचं नाव, फोटो, घराचा पत्ता किंवा शाळा कुठेही टाकू नका. तो गुन्हा आहे आणि त्या कुटुंबावर दुसऱ्यांदा झालेला घाव आहे.

मुलांनो, तुमची चूक झाली असेल, फोटो तुम्हीच पाठवला असेल, तरी धमकी देणारा गुन्हेगार आहे, तुम्ही नाही. एका माणसाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा. आई, मावशी, वर्गातल्या बाई, शेजारचे काका, कुणीही. जीव नकोसा वाटत असेल तर आत्ता, याच क्षणी १४४१६ वर फोन करा.

हे चार क्रमांक कापून शाळेच्या फाटकावर, रिक्षात, क्लासच्या दारावर चिकटवा.

१०९८: संकटातल्या मुलांसाठी
१४४१६: टेलि-मानस, मानसिक आरोग्यासाठी, दिवसरात्र आणि मोफत, मराठीतही
१९३०: सायबर फसवणुकीसाठी
११२: तातडीच्या पोलीस मदतीसाठी

एका दिवसाच्या रागाने बदलापूरच्या लोकल थांबवता आल्या. आपल्या शाळा सुरक्षित करायला दर महिन्याचा एक तास पुरेल. तो तास काढा आणि पुढच्या पालकसभेला रिकाम्या हाताने जाऊ नका, हे पाच प्रश्न घेऊन जा.