लठ्ठपणाचा उपचार कोणासाठीं ?

लठ्ठपणा हा श्रीमंतांचा रोग, अशी समजूत आपल्या समाजांत अजून दृढ आहे. व्यंगचित्रांतील सावकार नेहमीं ढेरपोट्याच असावयाचा ! परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत ग्रामीण भारतांतील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं १९.७ टक्के, म्हणजे पांचांत सुमारें एक, अतिवजनाच्या वा लठ्ठ आढळल्या. रोग खेड्यांत पोंचला. उपचार मात्र शहरांतल्या माडीवरच राहिला.

मार्च २०२५ मध्यें टिर्झेपटाइड नांवाचें, आठवड्यांतून एकदां टोंचावयाचें औषध भारतांत विक्रीस आलें. त्याच्या प्रारंभींच्या मात्रेची एक कुपी ३,५०० रुपयांस होती. चार आठवड्यांचे झाले १४,००० रुपये. २०२५-२६ सालीं महाराष्ट्रांत रोजगार हमीची रोजची मजुरी ३१२ रुपये होती. म्हणजे पोटास चिमटा घेऊन ४५ दिवस राबावें, तेव्हां २८ दिवसांचें औषध हातीं यावें ! शिवाय तें थांबविलें कीं गेलेलें वजन बव्हंशीं परत येतें. तेव्हां हा खर्च एकदांचा नव्हे. स्पर्धेनें किंमती उतरतात हें खरें, पण अर्ध्या किंमतींतहि मजुराचा हिशेब जुळत नाहीं.

विम्याचा आधार घ्यावा, तर तेथें निराळीच अडचण. वजन व उंची यांचें प्रमाण दाखविणारा शरीरभारांक ४० च्या खालीं असेल, तर २०१९ च्या नियमांप्रमाणें शस्त्रक्रियेचा खर्च विमा कंपनीस नाकारतां येतो. गंभीर व्याधी जडली असल्यास ही मर्यादा ३५. १५५ सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीचें वजन ९६ किलो भरावें, तेव्हां तिचा अंक ४० होतो. उलट, भारतीय शरीर कृश दिसत असतांहि आंत चरबी सांठवितें, हें पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं दाखवून दिलें आहे. आणि २००९ सालीं भारतीय तज्ज्ञांनीं लठ्ठपणाची सुरुवात २५ अंकावर, म्हणजे त्याच स्त्रीच्या ६० किलोंवर, धरली. प्रत्येकीस शस्त्रक्रिया हवी असें मुळींच नाहीं. पण साठ आणि शहाण्णव यांच्या मधल्या वाटेवर तिनें कोणाचें दार ठोठवावें ? कमी खा, हा उपदेश तेवढा फुकट मिळतो. डाळ आणि भाजी मिळत नाहीं.

आशा सेविका तीस वर्षांवरील माणसांच्या कमरेचा घेर मोजून तक्त्यांत भरते. त्या तक्त्याचें पुढें कांहीं व्हावें, एवढीच आमची मागणी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांत आहाराचा सल्ला देणारें जाणतें माणूस नेमावें. जागतिक आरोग्य संघटनेनें सप्टेंबर २०२५ मध्यें ह्या वर्गांतील औषधें, मधुमेहासह हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या लठ्ठ रुग्णांसाठीं, आवश्यक औषधांच्या यादींत घातलीं. सरकारनें घाऊक खरेदी करून प्रथम ह्याच रुग्णांना तीं द्यावीं, आणि तींहि तालुक्याच्या दवाखान्यांतून.