मोळीला दंड, मोटारीला झेंडी

मृगाचा पाऊस पडला की शेतकरी आभाळाकडं बघतो आणि शहरातला हौशी गाडीवाला जंगलाकडं. नांदेड-लातूरकडं हे आता दरसालचं झालंय. ग्रुपवर तारीख ठरते. टायरमधली हवा कमी केली जाते, बंपरवरचा विंच तपासला जातो, टपावर दिव्यांची पट्टी बसते, दारावर क्लबचं स्टिकर चिकटतं. सकाळी एखाद्या पेट्रोल पंपावर नारळ फुटतो. कुणी नगरसेवक, कुणी उद्योजक हिरवी झेंडी दाखवतो आणि थार, जिप्सी, जुन्या जीपा किनवट-माहूरच्या सागवनाकडं नाहीतर बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात निघतात. संध्याकाळी चिखलानं माखलेल्या गाड्यांचे फोटो येतात. खाली लिहिलेलं असतं : निसर्गाच्या सान्निध्यात एक दिवस.

गाडीशी माझं भांडण नाही. चारही चाकांना ताकद देणारी जीप हे उपयोगाचं यंत्र आहे. पुरात अडकलेल्यांना तिनं बाहेर काढलंय, बाळंतिणीला दवाखान्यात पोचवलंय. भांडण आहे ते तिच्या सीटवर बसलेल्या माणसाशी, आणि त्याहून जास्त त्याला झेंडी दाखवणाऱ्या आपल्या सगळ्यांशी.

ज्या अरुंद वाटेला हे लोक ‘ट्रेल’ म्हणतात, ती रिकामी पडलेली नसते. कुठं ती वनखात्याची जाळरेषा असते, उन्हाळ्यातला वणवा पुढं सरकू नये म्हणून साफ केलेली. कुठं कोलाम आदिवासींच्या पोडाकडं, म्हणजे वस्तीकडं, जाणारी पायवाट असते, कुठं तेंदूपानाच्या हंगामात पुडे वाहून आणायची गाडवाट. रात्री तीच वाट जनावरांची. वाघ, बिबट्या, अस्वल यांनाही काट्याकुट्यातून चालण्यापेक्षा मोकळी वाट बरी वाटते. पंजे उमटतात ते तिथंच, हद्दीच्या खुणाही होतात त्या तिथंच. बालाघाटच्या एका माळावर अशाच एका गाडीवाल्यानं काच खाली करून विचारलं होतं, “मामा, ही वाट पुढं निघते का?” शेळ्या राखणारा म्हातारा म्हणाला, “निघती की. पर बैलाची हाय, मोटारीची न्हाई.” गाडीवाला हसला आणि त्यानं गिअर टाकला.

गाडी चढावर अडते तेव्हा काय होतं, ते जवळून पाहावं. चाक जागच्या जागी फिरतं. आधी गवत निघतं, मग गवताची मुळं, मग वरची मूठभर काळी माती, आणि खाली मुरूम उघडा पडतो. इथली माती एवढीच असते, तिच्याखाली दगड. मागची गाडी त्याच खाचेतून चढते, तिच्यामागची तिसरी. त्या रात्री पाऊस झाला की पाण्याला उतरायला आयती नाळी मिळते आणि बोटभर खोल खाच पावसाळा संपेतो ओघळ होऊन बसते. चाकांखालची माती अशी दबते की पुढच्या साली तिथं बी रुजत नाही. माळावरचे चंडोल आणि लाव्हे घरटं झाडावर बांधत नाहीत, गवतात जमिनीवर अंडी घालतात, आणि त्यांतल्या अनेकांचा हंगाम पावसाळ्यात येतो. ड्रायव्हरला ते घरटं दिसत नाही. दिसलं असतं तर त्यानं गाडी थांबवली असती, असं धरून चालण्याइतका मी उदार आहे.

मग विंच. रुतलेली गाडी ओढायला लोखंडी दोर जवळच्या झाडाला गुंडाळायचा. जाणते लोक खोडाला रुंद पट्टा लावतात. घाईतले लोक दोरच आवळतात. हाताएवढ्या जाडीचा कोवळा साग असेल तर दोर सालीत रुततो आणि गोल वळसा घालून साल सोलून काढतो. पानात तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत जायचं ते या सालीतूनच. पूर्ण वळसा सोलला गेला की झाड लगेच पडत नाही, पण वाचतही नाही. सागाची चोरटी तोड करणाऱ्यांना ही युक्ती चांगली ठाऊक आहे : आधी झाड वाळवायचं, मग वाळलेलं म्हणून न्यायचं. चोरानं केलं तर गुन्हा दाखल होतो. क्लबानं केलं तर ‘रिकव्हरी’चा व्हिडिओ होतो आणि त्याखाली टाळ्यांची चित्रं पडतात.

आता त्याच जंगलातली दुसरी माणसं बघा. डोक्यावर वाळक्या फाट्यांची मोळी घेऊन निघालेल्या बाईला वनरक्षक हटकतो, कुऱ्हाड काढून घेतो. शेरडं राखीव वनात शिरली तर पावती फाटते. 1927 चा भारतीय वन कायदा राखीव वनात आगंतुक शिरण्याला आणि गुरं चारण्याला एकाच कलमात गुन्हा मानतो. मग शेरडाच्या खुराला लागणारं कलम मोटारीच्या टायरला का लागत नाही? पैनगंगा अभयारण्याच्या हद्दीत तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणं परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. पण बीटवरच्या एकट्या वनरक्षकाला आठ गाड्यांचा ताफा अडवायचा असतो, आणि त्यातल्या कुणाच्या तरी खिशातल्या फोनवर त्याच्या साहेबाच्या साहेबाचा नंबर असतो. त्या गरिबाला मी दोष देणार नाही.

हा न्याय या भागाला नवा नाही. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत किनवट हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होतं; त्याआधी हा निजामाचा मुलूख. त्या जंगलातल्या गोंड-कोलामांना राखीव वनाच्या नावाखाली शेतीवरून उठवलं गेलं, चराईचे आणि लाकूडफाट्याचे कर लादले गेले. कुमराम भीम या गोंड पुढाऱ्यानं त्याविरुद्ध बंड केलं आणि 1940 साली जोडेघाटला तो मारला गेला. आज कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक गणली जाते. 2006 च्या वनहक्क कायद्यानं त्यांचे हक्क कागदावर मान्य केले. त्या हक्कांचे दावे सिद्ध करायला ताब्याचे पुरावे जोडावे लागतात, ग्रामसभेचे ठराव लागतात, उपविभागीय आणि जिल्हा समितीच्या पायऱ्या चढाव्या लागतात. आणि रविवारी गाडी घेऊन येणाऱ्याकडं कुणी कसला पुरावा मागत नाही.

लातूरकरांना तर वेगळंच विचारावं लागेल. जिल्ह्याच्या क्षेत्रफळाच्या एक टक्काभरही जंगल तुमच्याकडं नाही. 2016 च्या टंचाईत पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती, आणि 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हा दहा वाघिणींतल्या पाच लाख लिटर पाण्यासाठी स्टेशनवर गर्दी झाली होती. ते पाणी का आटलं यावर तेव्हा किती परिसंवाद झाले! झाडं नाहीत, माती वाहून गेली, डोंगर उघडे पडले, हे शाळकरी पोरांनाही पाठ झालं. तेच शहर आता उरल्यासुरल्या डोंगरावर चाकं फिरवायला निघतं. चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथजवळचं संजीवनी बेट म्हणजे केवढं? एक छोटीशी टेकडी. तिथं दुर्मिळ वनौषधी उगवतात म्हणून उत्तरा नक्षत्रात लांबलांबहून लोक पायी येतात. पिढ्यान्‌पिढ्या इतकी पावलं पडूनही त्या वनस्पती तिथं उगवत राहिल्या. चार गाड्यांचा एक रविवार त्या टेकडीला काय करील, याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

1972 हे साल मराठवाड्यातल्या म्हाताऱ्यांना सांगावं लागत नाही. दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले. त्याच साली दिल्लीत वन्यजीव कायदा झाला. आणि त्याच सालच्या फेब्रुवारीत, जीप जिथं जन्मली त्या अमेरिकेत, अध्यक्ष निक्सन यांना सरकारी जमिनींवर रस्ता सोडून धावणाऱ्या गाड्यांसाठी आदेश काढावा लागला : गाड्या कुठं चालतील आणि कुठं नाही ते आखून द्या, माती, पाणी, वन्यजीव यांची हानी कमीत कमी होईल असं बघा. अफाट वाळवंटं आणि अरण्यं असलेल्या देशाला पन्नास वर्षांपूर्वी ही गरज वाटली. आपल्याकडं जंगलाच्या चिंध्या उरल्यात आणि आपण गाडी तेवढी तिथून आणली.

त्या चिंध्यांना धरूनच जनावरं जगतात. 2019 साली टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला रेडिओ कॉलरचा एक तरुण वाघ तेलंगणात गेला, नांदेड, हिंगोली, वाशीमचे शेतशिवार ओलांडत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. 2024 च्या डिसेंबरात टिपेश्वरचाच दुसरा वाघ थेट धाराशिवच्या येडशी रामलिंग अभयारण्यात कॅमेऱ्यात दिसला. ओढे, झुडपी जंगल, कुणी न वापरलेल्या वाटा यांच्या आधारानं ही जनावरं माणसांच्या गर्दीतून निघाली. आणि त्याच महिन्याच्या शेवटच्या दिवशी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या जिप्सींनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट अडवून धरली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली. तिथं निदान फाटक होतं, नोंदवही होती, गाइड होता. किनवटच्या जाळरेषेवर यातलं काय आहे?

या ताफ्यांतून येणारी माणसं गुंड नसतात, आणि हीच खरी पंचाईत आहे. डॉक्टर असतात, क्लासवाले असतात, ठेकेदार असतात. पोराला पर्यावरणाच्या प्रकल्पाला पैकीच्या पैकी मार्क मिळाले म्हणून पेढे वाटणारे असतात. तेच पोर मागच्या सीटवर बसून बघतं की ‘प्रवेश निषिद्ध’ची पाटी आली तर बाबा तिला वळसा घालतात. जून-जुलैत हेच लोक वृक्षारोपणही करतात. खड्डा खोदून रोप लावायचं, फोटो काढायचा, आणि परतीच्या वाटेवर आपोआप उगवलेली शंभर रोपं चाकाखाली घालायची. वर्तमानपत्रं दोन्ही बातम्या एकाच उत्साहानं छापतात. आमचे पुढारी दोन्हीकडं हजर. रोजगार हमीवर माती अडवायचे बांध ज्या बायांनी घातले, त्यांच्यासाठी कधी कुणी झेंडी दाखवल्याचं मला आठवत नाही.

क्लबवाले म्हणतात, आम्ही कचरा उचलून आणतो, प्लास्टिक टाकत नाही. उचलत असतीलही. ओघळ पिशवीत भरून आणता येत नाही.

आणि ज्यांना खरोखर चिखल, चढ, खड्डे आणि कौशल्य एवढंच हवंय, त्यांच्यासाठी जागेचा तुटवडा नाही. नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत बंद पडलेल्या खडीच्या खाणी आहेत, क्रशरच्या मागं पसरलेली उजाड जमीन आहे. मालकाची आणि तहसीलची रीतसर परवानगी काढावी, तिथं वाटेल तितक्या गाड्या रुतवाव्यात आणि ओढाव्यात. तीस अंशाचा चढ तिथंही आहे, गुडघाभर गाळ तिथंही आहे. हे सुचवलं की उत्तर येतं, “पण तिथं मजा नाही, व्ह्यू नाही.” म्हणजे गाडी चालवायची हौस एवढीच बाब नाही. दुसऱ्याला जिथं जाऊ दिलं जात नाही तिथं आपल्याला जाता येतं, याची ती हौस आहे, आणि झेंडी दाखवणारा हात या हौसेला मान्यता देतो. पुढच्या वेळी तो हात पुढं करण्याआधी त्या नगरसेवकानं, त्या उद्योजकानं, त्या संपादकानं एवढं एकच विचारावं : वनखात्याचं परवानगीपत्र कुठंय? दाखवा.