गाडीचा एसी थंड करत नाही?

एसी थंड करत नाही म्हटलं, की गॅरेजमधून पहिलं उत्तर येतं, ‘गॅस भरावा लागेल.’ पण एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बराच कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता भरला, तर पुन्हा तेच रडगाणं. आधी गळती दाखवायला सांगा, मग पैसे द्या.

त्याआधी घरीच थोडं बघा. हवा गार आहे, पण जोर नाही? केबिन फिल्टर धुळीने भरला असेल. बऱ्याच गाड्यांत तो डॅशबोर्डच्या डाव्या कप्प्यामागे सापडतो. गाडी पळताना गारवा आणि सिग्नलला थांबली की गरम हवा? मग एसी चालू ठेवून बॉनेटखालचा कंडेन्सरचा पंखा फिरतोय का पाहा, हात मात्र लांब ठेवून. गाडीखाली ठिबकणारं पाणी म्हणजे बिघाड नव्हे; ते पायाखालच्या मॅटवर आलं, तर निचऱ्याची नळी तुंबली आहे.

पेट्रोल-डिझेल गाडीचा हीटर इंजिनच्या गरम कूलंटवर चालतो. मनालीच्या चढावर तो अचानक गार हवा देऊ लागला आणि तापमानाचा काटा वर चढला, तर बहुधा कूलंट कमी झालंय. लगेच थांबा, इंजिन बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं.

आणि थंडी असो वा उकाडा, उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून काचा बंद करून झोपू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला तर कळतही नाही. त्याला वास नसतो.